गिरणीतले नऊ डबे: साडेछत्तीस हजारांची चिल्लर मोजून बँकेत भरताना

दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, अण्णांनी गिरणीला शेवटची झेंडूची माळ घातली. कऱ्हाडातली आमची पिठाची गिरणी १९८३ पासून चालू होती. गेल्या पावसाळ्यापासून अण्णांना पट्टा चढवायला वाकता येईना, दगडाला टाकी लावायला बसता येईना. शेवटी मोटर आणि जातं शेजारच्या गावातल्या एकाला विकलं आणि दिवाळीनंतर जागा रिकामी करून द्यायचं ठरलं.

सामान हलवताना मोटरच्या मागच्या फळीवर, जुन्या पोत्यांखाली नऊ डबे निघाले. दोन किलो डालड्याचे जुने पत्र्याचे डबे. पहिला डबा मी एका हातानं उचलायला गेले आणि तो जागचा हललाच नाही. नऊच्या नऊ डबे चिल्लरीनं गळ्यापर्यंत भरलेले होते.

हे साठलं कसं, तेही सांगते. दळणाचे पैसे सुटेच यायचे. रात्री पिग्मीवाले काका आले की अण्णा त्यांना नोटा द्यायचे आणि चिल्लर डब्यात टाकायचे, उद्या गिऱ्हाइकाला मोड लागेल म्हणून. ती लागायचीही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आख्खी पेठ आमच्याकडे सुटे मागायला यायची आणि अण्णांनी दोन डबे त्या आठवड्यात नुसत्या विश्वासावर वाटले होते. पुढे गिरणीच्या दारावर क्यूआर कोड चिकटला, मोड मागणारे कमी झाले, आणि डबे तसेच राहिले.

ज्याला त्याला सांगितलं त्यानं वेगळाच सल्ला दिला. कुणी म्हणालं, देवळाच्या दानपेटीत ओता. कुणी म्हणालं, भंगारवाल्याला किलोवर द्या. (तसं करू नका. नाणी वितळवणं, मोडणं हा २०११ च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.) बाजारात एक जण दहा टक्के बट्ट्यानं सगळं उचलायला तयार होता, म्हणजे शंभराची चिल्लर द्यायची आणि नव्वद रुपये घ्यायचे. भाऊ म्हणाला, "ताई, देऊन टाक, सुटलो."

अण्णा कॉटवर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "मोजल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. बायका दोन-दोन कोस डोक्यावर दळण घेऊन यायच्या, त्यांचे पैसे आहेत ते."

मग मीच ते काम अंगावर घेतलं. माझ्या शिकवण्या संध्याकाळी असतात, दुपार मोकळी असते. भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला डबा अंगणात उपडा केला.

नाण्यांबरोबर पीठ बाहेर आलं. वर्षानुवर्षांचं पीठ दमट हवेनं नाण्यांवर सिमेंटसारखं बसलं होतं, त्यात किडे झाले होते. आईनं गव्हाची मोठ्या भोकांची चाळण काढून दिली. त्यात नाणी घालून हलवली की सुटं पीठ खाली पडायचं. चिकटलेल्या नाण्यांसाठी बादलीत कोमट पाणी आणि थोडी धुण्याची पावडर, अर्धा तास भिजवायचं, हातानं चोळायचं, मग दोनदा साध्या पाण्यातून काढून जुन्या धोतरावर उन्हात पसरायचं. चिंच किंवा लिंबू लावायच्या फंदात पडू नका. पितळी रंगाच्या पाचच्या नाण्यांवर मी एका दिवशी लिंबू चोळलं, तर ती डागाळली. आणि नाणी पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका, एकमेकांना चिकटतात.

मोजायची रीत अण्णांची. सारख्या जातीची दहा नाणी एकावर एक ठेवली की एक चळत. अशा दहा चळती एका रांगेत म्हणजे शेकडा. मग रांगेवरून तळहात अलगद फिरवायचा. एखादी चळत हाताला उंच किंवा खोल लागली, की तिच्यात एक जास्त किंवा कमी आहे. अण्णांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण अकरावं नाणं त्यांच्या हाताला लगेच कळायचं. मी तोंडानं मोजायचे, ते हातानं तपासायचे. पहिल्या दिवशी चार तासांत आमचा एक डबासुद्धा पुरा झाला नाही. पाठ अशी भरून आली की रात्री कूस बदलता येईना. पाटावर बसून मोजण्यापेक्षा टेबलावर मोजा, हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं. टेबलावर चादर घातली तर नाणी घरंगळत नाहीत.

मोजण्याऐवजी वजन करता येईल असं मला वाटलं होतं. वहिनी केक करते, तिच्याकडे एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. एक शेकडा मोजून वजन करायचं आणि पुढचे सगळे त्या मापानं, असा बेत होता. तो पहिल्याच तासात फसला, कारण एक रुपयाचं नाणं एका वजनाचं नाहीच. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ नंतरचा ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा. शंभर नाण्यांचं वजन आधी ४८५, मग ३७९, मग ३०९. पाचचंही तसंच, जुनं जाड पाच नऊ ग्रॅमचं आणि नंतरचं पितळी रंगाचं सहा ग्रॅमचं. म्हणून आधी किंमतीप्रमाणे नाही तर जातीप्रमाणे निवडायचं. जाड पाच वेगळं, पातळ पाच वेगळं, भारताचा नकाशा असलेलं अकरा कोनांचं जुनं दोन वेगळं, हाताची मुद्रा असलेले रुपये आणि दोन वेगळे. अशी निवड झाली की काटा फार उपयोगी पडतो, मोजण्यासाठी नव्हे तर मोजलेलं ताडून बघण्यासाठी. आम्ही परातीत अकरा ढीग केले होते, आई त्याला धान्य निवडणं म्हणायची.

चौथ्या डब्यात, तळाला, चालत नसलेली नाणी निघाली. चार आणे, त्यातले बरेच गेंड्याच्या चित्राचे. षटकोनी वीस पैसे, लाटदार काठाचे दहा पैसे, चौकोनी पाच पैसे, सगळे वजनाला पिसासारखे, ॲल्युमिनियमचे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. त्याच्या आधी काही महिने बँका ती बदलून देत होत्या. ही बातमी मी तेव्हा पेपरात वाचली होती. वाचली आणि विसरले, गिरणीतले डबे उघडून बघावेत हे डोक्यातही आलं नाही. आता त्यांचे १३१ रुपये ६० पैसे भरतात आणि त्यांचं कुठंही काही येत नाही. रक्कम छोटी आहे, पण मला त्या रात्री फार वाईट वाटलं. गिरणी सुरू केली तेव्हा अण्णा किलोला पंचवीस पैसे घ्यायचे. ४१२ पावल्या म्हणजे ४१२ किलो दळण. तुमच्याकडे आजी-आजोबांचे गल्ले, मातीच्या भिशा असतील तर आज ना उद्या उघडू म्हणून ठेवू नका.

आठ आणे मात्र अजून कायदेशीर चलन आहेत. हे पुष्कळांना माहीत नाही, दुकानदार तर ते हातातही घेत नाहीत. माझ्याकडे १,३२६ निघाले.

१४ नोव्हेंबरला मोजणी संपली. अकरा दिवस लागले. रुपये ९,१४०, दोनची ५,३६५, पाचची २,२१२, दहाची ४७८, वीसची बारा कोनांची ११ आणि वर सांगितलेले आठ आणे. एकूण ३६,५९३ रुपये. (हा नंतर दुरुस्त केलेला आकडा आहे, दुरुस्ती का लागली ते पुढे येईलच.) भंगारवाल्याला किलोवर आणि बाजारातल्याला बट्ट्यानं देणार होतो, ती एवढी रक्कम होती. अण्णांना आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला आणि आईला हाक मारली.

सोमवारी, १८ नोव्हेंबरला, अण्णांचं बचत खातं आहे त्या बँकेत गेले. नाव लिहीत नाही. बरोबर नमुन्याला दोनच्या नाण्यांच्या पाच पिशव्या घेतल्या होत्या. पाऊण तास रांगेत थांबल्यावर कॅशियर म्हणाले, नाणी घेत नाही. का, विचारलं. "मशीन फक्त नोटा मोजतं, नाणी मोजायला माणूस नाही. मागं रांग बघा." मागं खरंच रांग होती. मागची माणसं चुळबुळ करायला लागली तसा माझा धीर सुटला, मी पिशव्या उचलून बाहेर आले. सोमवार सोडून जायला हवं होतं, आणि सकाळी तर नकोच. दुपारी तीननंतर काउंटर थोडे मोकळे असतात.

दुसऱ्या दिवशी तीनला जाऊन मॅनेजरना भेटले. ते नीट बोलले, पण म्हणाले, "नियमानं एका वेळी हजार रुपयांपर्यंतच नाणी घेता येतात." मला तेव्हा हे खोडता आलं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. नाणे कायद्यात हजाराची मर्यादा आहे, पण ती देण्याघेण्याच्या व्यवहारातली. म्हणजे मी दुकानात दोन हजारांची वस्तू घेऊन सगळे पैसे नाण्यांत दिले, तर दुकानदार हजाराच्या वरची नाणी नाकारू शकतो. आठ आण्यांची तीच मर्यादा दहा रुपये आहे. स्वतःच्या खात्यात नाणी भरायला रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घातलेली नाही. उलट नोटा-नाणी बदलून देण्याच्या सुविधेबद्दलच्या तिच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय की कुठल्याही शाखेनं काउंटरवर आलेली नाणी नाकारू नयेत, एक आणि दोनची शक्यतो वजनावर घ्यावीत, आणि शंभर-शंभरच्या पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून घेतली तर कॅशियर आणि ग्राहक दोघांनाही सोयीचं पडेल. अशा पिशव्या काउंटरवर ग्राहकांसाठी ठेवाव्यात असंही त्यात आहे.

२० तारखेला विधानसभेचं मतदान, बँक बंद. ती सुट्टी मी अर्ज लिहिण्यात घालवली. अर्जात अण्णांचं नाव, खाते क्रमांक, कुठल्या किंमतीची किती नाणी, एकूण रक्कम, शंभराच्या पिशव्या आम्ही स्वतः भरून आणू, आणि बँकेला सोयीचा वार व वेळ कळवावी, एवढंच लिहिलं. तक्रारीचा सूर मुद्दाम ठेवला नाही. सोबत परिपत्रकाचं ते पान जोडलं. अण्णांनी सही केली. २१ तारखेला दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. तुम्हाला यातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. तोंडी नकाराला तारीख नसते, शिक्क्याला असते. बँकेकडं लेखी देऊन तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

मधले दोन आठवडे मी गप्प बसले नाही. १८३ पिशव्या घरात होत्या, आणि बाहेर लोक सुट्यांसाठी अडत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात अजून रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवतात. त्या दुकानदारदादांना मी विचारलं, "मोजलेले रुपये देऊ का? नोटा द्या." त्यांना आधी खरं वाटेना. त्यांनी रुपयाच्या वीस आणि दोनच्या दहा पिशव्या घेतल्या, चार हजार रुपये, आणि बट्टा नाही. बसस्थानकाजवळच्या वडापाववाल्यानं रुपयाच्या दहा आणि पाचच्या पाच घेतल्या. आईच्या ओळखीतल्या एक काकू आहेराची पाकिटं बनवतात, ज्यावर रुपया चिकटवलेला असतो. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक, सगळ्यांच्या शेवटी तो एक रुपया लागतोच, आणि समोर लग्नसराई होती. त्यांनी वीस पिशव्या घेतल्या, पण निवडून, चकचकीतच. हे साडेनऊ हजार बँकेत न जाताच मार्गी लागले. प्रत्येक ठिकाणी घेणाऱ्यानं एखादी पिशवी फोडून मोजली, शंभर भरले, मग बाकीच्या न मोजता ठेवल्या. मोड सगळ्यांनाच हवी असते, पण ती मोजायची कुणाला नसते. मोजून दिली की घेतात.

५ डिसेंबरला बँकेतून फोन आला. मंगळवार ते गुरुवार, दुपारी तीन ते चार, एका दिवशी वीस पिशव्या. पिशव्या तुमच्या तुम्ही आणा, प्रत्येक पिशवीत एकाच किंमतीची शंभर नाणी, वर चिठ्ठी. मला एवढा आनंद झाला की मी फोन ठेवल्यावर शिकवणीच्या मुलांना सुट्टीच दिली.

मंगळवार, १० डिसेंबर. दोनच्या वीस पिशव्या, चार हजार रुपये, वजन दहा किलोच्या आसपास. पिठाच्या जाड पोत्याच्या कापडाच्या दोन पिशव्या आईनं शिवून दिल्या होत्या. साध्या कॅरीबॅगमधून नाणी नेऊ नका, तळ फाटतो. रिक्षानं गेले, जाऊन-येऊन नव्वद रुपये. भरणा स्लिपवर नोटांसाठी किंमतीप्रमाणे रांगा असतात, नाण्यांसाठी एकच ओळ. म्हणून मी मागच्या बाजूला फोड लिहून नेली होती.

कॅशियरनी तीन पिशव्या फोडल्या. तिसऱ्या पिशवीत त्यांनी तीन नाणी बाजूला सारली. "ताई, हे रुपये आहेत." मी हातात घेऊन बघितली. खरंच रुपये होते, जुने, स्टीलचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन रुपये कमी म्हणून नव्हे, त्यांना आता माझ्या एकाही पिशवीची खात्री राहणार नव्हती म्हणून. त्यांनी वीसच्या वीस पिशव्या फोडल्या. पावणेपाच वाजले. आणखी तीन निघाले. सहा रुपये पर्समधून भरले आणि पावती घेतली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे दोन आमच्याकडंही घोळ करतात. जुना रुपया आणि २०११ नंतरचं दोनचं नाणं, आकार तोच, वजन तेच."

घरी येऊन बघितलं. दोन्हींचा व्यास २५ मिलीमीटर, दोन्ही ४.८५ ग्रॅम. तळहाताला फरक लागणार नाही आणि काट्यालाही नाही. ही दोन नाणी फक्त वाचूनच ओळखता येतात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोनच्या उरलेल्या सगळ्या पिशव्या पुन्हा ओतल्या. पुतण्याला बोलावलं, तो दहा वर्षांचा, नजर तीक्ष्ण. एक-एक नाणं आकडा वर करून ताटात मांडलं. अजून पस्तीस रुपये सापडले, आणि रुपयांच्या पिशव्यांत नऊ दोन सापडले. किराणावाल्या दादांकडेही जाऊन आले, त्यांच्या दहा पिशव्यांत दोन रुपये निघाले, त्यांचे दोन रुपये दिले. अण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. आपल्या हाताची खात्री चुकली हे त्यांना लागलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, गिरणी सुरू झाली तेव्हा हे दोन निघालंच नव्हतं."

नंतरच्या फेऱ्या शांतपणे झाल्या. १२ डिसेंबर, १७ डिसेंबर, २४ डिसेंबर. चौथ्या वेळेला कॅशियर एकच पिशवी फोडायचे आणि बाकीच्या त्यांच्या काट्यावर ठेवायचे. मी आत जाताना पिशव्या जातीप्रमाणे लावून नेत होते, म्हणजे जाड पाचच्या एकत्र, पातळ पाचच्या एकत्र, त्यानं त्यांचं काम पाच मिनिटांवर आलं. मला त्यांच्या जागेवरून बघायची सवय तिथं लागली. आत तिजोरीच्या खोलीपाशी आधीच चिल्लरीची पोती होती, आणि ती घेणारं त्यांनाही कुणी मिळत नव्हतं. २०२३ मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाची नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही अशा बातम्या आल्या होत्या. तेव्हा मला ते अतिशयोक्त वाटलं होतं, आता वाटत नाही.

पासबुक भरून घेतलं तेव्हा एक ५९ रुपयांची वजावट दिसली. नाणी हाताळण्याचा आकार, अधिक जीएसटी. तो त्यांच्या दरपत्रकात होता, मी विचारला नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. तुमच्या बँकेचं दरपत्रक शाखेतल्या फलकावर असतं, आधी वाचा. महिन्यातून काही रक्कम किंवा काही पिशव्या मोफत असतील तर त्याप्रमाणे फेऱ्या पाडून घ्या.

२ जानेवारीला पाचवी फेरी. ७ जानेवारी २०२५ ला शेवटची, तीत आठ आण्यांच्या तेरा पिशव्या होत्या. त्यांची मला सर्वांत जास्त धास्ती होती. मी स्लिपवर स्पष्ट लिहिलं, ५० पैसे, १,३०० नाणी, ६५० रुपये. कॅशियरनी पिशवी उचलून पाहिली, मॅनेजरच्या केबिनकडे एकदा बघितलं, आणि शिक्का मारला. सहा फेऱ्यांत ११८ पिशव्या गेल्या होत्या, २५,८५० रुपये जमा झाले होते. सगळा खर्च धरला तर रिक्षा ५४०, पिशव्या १५०, प्रिंट आणि झेरॉक्स ३०, बँकेचे ५९, म्हणजे ७७९ रुपये. बट्ट्यानं दिले असते तर साडेतीन हजारांहून जास्त गेले असते.

१,२४३ रुपये घरी ठेवले, खर्च करायला. यातली दहाची ७८ नाणी चालवणं सगळ्यांत अवघड. दहाची नाणी अण्णांकडं एवढी साठली तीच मुळी बाजारात कुणी घेत नव्हतं म्हणून. रुपयाचं चिन्ह नसेल तर खोटं, पंधरा रेषा असतील तर खोटं, अशा अफवा कितीतरी वर्षं फिरतायत. रुपयाचं चिन्हच मुळात २०१० मध्ये ठरलं आणि नाण्यांवर २०११ पासून आलं, त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कसं? रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. मी हे मंडईत एका भाजीवाल्या मावशींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, खरं आसंल. पन माझ्याकडनं फुडं कोन घेत न्हाई, मी काय करू?" त्यांच्या दिवसाच्या कमाईत माझी पाच नाणी अडकली तर त्यांचे पन्नास रुपये अडकतात. मी आग्रह धरला नाही, नोट दिली. दूधवाल्याकडं, औषधाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर दहाची नाणी बिनतक्रार गेली, एका वेळी दोन-तीनच देत राहिले. तुम्हाला नाणी चालवायची असतील तर जो ती लगेच बँकेत भरू शकतो त्याच्याकडं द्या, हातगाडीवाल्यावर ढकलू नका.

न चालणाऱ्या नाण्यांचा डबा अण्णांच्या कॉटखाली आहे. पुतण्यानं त्यातल्या नाण्यांवरची टाकसाळींची चिन्हं शोधून ठेवलीयत, चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकाता. आता अण्णांना तो रोज एक नाणं हातात देतो आणि ओळखायला लावतो.

जानेवारीच्या शेवटी एसटीची भाडेवाढ झाली, आणि तिकिटांचे आकडे असे झाले की वाहकाकडं रुपया-दोन रुपयांची मोड कायम कमी. फेब्रुवारीत अण्णांना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे साताऱ्याला नेलं तेव्हा गाडीत त्यावरून पुढच्या सीटवर बाचाबाची चाललेली. वाहक आमच्याजवळ आला, घामाघूम, आणि आधीच म्हणाला, "आजोबा, सुटे द्या बरं का." अण्णांनी नोट काढली, मग शर्टाच्या खिशातून रुपये काढले, तळहातावर चाचपून मोजले आणि त्याच्या हातावर ठेवले. तो ते तसेच थैलीत टाकायला लागला.

"मोजून घे," अण्णा म्हणाले.